चौथ्या पिढीचा काठ

मोटारीत एकदाही न बसता एका मोटारीच्या घराण्याचा इतका अभिमान बाळगणारा दुसरा माणूस नागपूर शहरात झाला नसेल. हे विधान मी जरा भीतभीतच करतो आहे, कारण पुराव्याशिवाय लिहू नका, असं कॉलेजात आम्हाला सारखं सांगतात. पण माझे मोठेबाबा, म्हणजे वडिलांचे थोरले भाऊ, हाच माझा पुरावा आहे.

उमरेडला हातमागावर लुगडी विणण्यात त्यांचं अर्धं आयुष्य गेलं. माग बंद पडल्यावर ते नागपूरच्या नंदनवन वस्तीत आमच्या शेजारच्या खोलीत राहायला आले आणि लकडगंजच्या एका लाकूड चिरणाऱ्या आरामशीनवर फळ्या रचायला लागले. तिथल्या रद्दीच्या दुकानात त्यांना परदेशी मासिकाचं एक पान सापडलं. पानावर लांब नाकाची, दोनच दरवाज्यांची, दूरच्या प्रवासासाठी बनवलेली एक आलिशान गाडी होती. मोठेबाबांनी तिच्याकडे लुगडं पारखावं तसं पाहिलं. पुढच्या दिव्यापासून मागच्या दिव्यापर्यंत पत्र्यावर एक उठावदार रेघ गेली होती. तिच्यावर बोट ठेवून ते म्हणाले, "हा काठ हाये." पुढे त्याच गाडीची आणखी रूपं रद्दीत मिळत गेली आणि त्यांच्या भिंतीवर एक खानदान उभं राहिलं. पहिली पिढी आजा, दुसरी बाप, तिसरी लेक. आजाचे डोळे गोल, बापाचे चौकोनी आणि लेकाचे मिटलेले, म्हणजे दिवे नाकात लपलेले, कळ दाबली की वर येणारे. "अंग बदलते, पदर बदलते, काठ तोच राहते," मोठेबाबा येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगत. "याले म्हणतात घरानं!"

घराण्यात जे घडे ते त्यांच्या सायकलीत उतरे. तिसरी पिढी आल्यावर त्यांनी सायकलचा दिवा चहाच्या डब्यात बसवला आणि झाकणाला दोरी बांधली. एका संध्याकाळी पोलिसाने अडवलं, "बत्ती कहां है?" मोठेबाबांनी शांतपणे दोरी ओढली. झाकण उघडलं आणि दिवा हळूहळू वर आला. पोलीस दोन पावलं मागे सरकला. मग आजूबाजूला बघून हलक्या आवाजात म्हणाला, "काकाजी, और एक बार करके दिखाव."

माझ्या बहिणीसाठी मुलगा बघायला गेलो, तेव्हाही त्यांनी मुलाला उभं केलं, बाजूने निरखलं आणि सगळ्यांसमोर सांगितलं, "नाक आजाचं हाये, पाठ लेकाची. बनवट चांगली हाये." ती सोयरीक जमली, हे मी मुद्दाम नमूद करतो. दुसरी पिढी कारखान्याने बंद केली, असं मी एका पानावरून वाचून दाखवलं, तर तेराव्या दिवशी त्यांनी तेरवी घातली. पंगतीला गल्लीतली चाळीस माणसं होती. कढईपाशी बसलेली मोठीआई, म्हणजे मोठेबाबांची बायको, माझ्या आईला म्हणत होती, "मानसाच्या तेरवीले एवढे वडे नाही तळले वं मी, जेवढे या पत्र्यासाठी तळून राहिली!"

मग चौथी पिढी आली. तिची बाजू साबणाच्या वडीसारखी गुळगुळीत होती. काठच नव्हता. मोठेबाबा त्या दिवशी जेवले नाहीत. दुसऱ्या दिवशी माझ्यासमोर येऊन बसले.

"काहून काढला काठ, इचार त्याईले. तू कालेजात जाऊन राहिला ना? लिही इंग्रजीत."

आमच्या घरातलं सगळं इंग्रजी म्हणजे मी होतो, आणि सहामाहीत त्याच विषयात मी नापास झालो होतो. हे घरी कुणालाच सांगितलं नव्हतं. शब्दकोश घेऊन मी चार दिवस कारखान्याला ते पत्र लिहिलं. समोरचे शिंपीकाका रोज विचारायचे, "साहेब, विलायतेतून उत्तर आलं का गा?" शेवटी त्यांनी जाहीरच केलं, "याच्या पत्रानं त्या गाडीवर एक रेघ जरी उमटली, तर मी मिशी काढीन!"

तीन महिन्यांनी एक लांबट पाकीट आलं. पाच मिनिटांत गल्ली गोळा झाली. आत छापील दोन ओळी होत्या. आपण रस दाखवल्याबद्दल आभार, सोबत चित्र जोडलं आहे. काठाबद्दल एक अक्षर नव्हतं. मला खोटं बोलता आलं नाही. होतं तेवढं मी वाचून दाखवलं.

"म्हणजे याचं इंग्रजी त्याईले समजलंच नाही!" शिंपीकाका हसले. मग सगळेच हसले. माझे वडील जमिनीकडे बघत राहिले.

मोठेबाबांनी माझ्या हातातलं चित्र घेतलं. तीच गुळगुळीत चौथी पिढी, फक्त रंग निराळा. पाकिटात मावावं म्हणून कागद मधोमध आडवा दुमडला होता, आणि ती घडी बरोबर दिव्यापासून दिव्यापर्यंत गेली होती. मोठेबाबांनी तिच्यावरून अंगठा फिरवला. डोळे मिटून कापडातला तुटका धागा सांगणारा तो अंगठा होता. तो मध्येच थांबला. त्यांनी वर पाहिलं, चित्राकडे नाही, माझ्याकडे.

"हा पाहा काठ!" ते ओरडले. "दिला ना परत? पोरानं लिहिलं तसं केलं त्याईनं!"

चित्र हातोहात फिरलं. शिंपीकाकांनी चष्मा लावून दोनदा पाहिलं, मग मिशीवर हात ठेवून घरी गेले. माझ्या वडिलांनी मात्र चित्राकडे पाहिलंच नाही. त्यांनी माझ्या पाठीवर एक थाप मारली, ती जरा जोरातच लागली.

आता मी बी. ए.च्या शेवटच्या वर्षाला आहे. त्या पत्राचा कच्चा कागद परवा सापडला. वाचून कळलं की त्यातून कुणाला काही समजणं शक्यच नव्हतं. मोठेबाबांच्या भिंतीवरचं चित्र आता घडीवर विरलं आहे, गाडीचा खालचा भाग लोंबकळतो. मागून कागद लावून सरळ करून देतो, असं मी म्हटलं, तर अंगठ्याने ती घडी दाबत ते घाईघाईने म्हणाले, "राहू दे गा. काठ जाईन."