सुरात रडायला शिकवणारी याडी

रडणं ही शिकून घ्यायची विद्या आहे आणि आजकालच्या माणसांना ती अजिबात येत नाही, असं मानणारी बाई अख्ख्या शहरात एकच असेल, आणि ती नेमकी आमच्या डोक्यावर, म्हणजे वरच्या मजल्यावर राहते. छावणीजवळच्या आमच्या इमारतीत तिला सगळे याडी म्हणतात. बंजाऱ्यांच्या बोलीत याडी म्हणजे आई. वय सत्तरीपुढचं, कोपरापर्यंत बांगड्या, डोक्यावर आरशांची ओढणी आणि पायांत नातीचे जुने स्पोर्ट्स शूज. मुलगा-सून फौजेच्या नोकरीमुळे कायम परमुलखात, म्हणून नात तिच्याजवळच वाढली. याडी तांडा सोडून शहरात आली खरी, पण येताना तांडा सोबत घेऊनच आली.

श्रावणात तीज आली की गच्चीवर तिच्या टोपल्या मांडल्या जातात. टोपलीत माती घालून गहू पेरायचे, आणि लग्न न झालेल्या मुलींनी नऊ दिवस त्यांना पाणी घालत, भोवती फेर धरून गायचं. तांड्यात मुलींना तोटा नसतो. इथं मात्र तळमजल्यावरची शबाना, समोरच्यांची बारावीतली मुलगी आणि एकदा तर पार्सल द्यायला आलेली पोरगीसुद्धा तिनं फेरात ओढली. पाणी झिरपून सेक्रेटरींच्या छताला ओल आली. ते तावातावानं वर गेले आणि खाली आले तेव्हा त्यांच्या कानावर गव्हाचे पिवळे अंकुर खोचलेले होते. होळीला ती पार्किंगमध्ये डफ घेऊन लेंगी म्हणते, म्हणजे थट्टामस्करीची गाणी. एका वर्षी तिनं सेक्रेटरींच्या स्कूटरवर सात कडवी रचली. सगळ्यांत मोठ्यानं सेक्रेटरींची बायको हसली.

पण तिचा खरा प्रांत रडण्याचा. बंजारा लग्नात नवरी निघताना एकेकाच्या गळ्यात पडून गाऊन रडते. त्याला ढावलो म्हणतात. ज्याच्या गळ्यात पडायचं त्याचं नातं, त्याच्या आठवणी, सगळं ओळींत गुंफायचं, आणि समोरच्यानं तसंच सुरात उत्तर द्यायचं. मुली हे आधीपासून शिकतात. त्यामुळे कोणाचंही नुसतं रडणं याडीला पटत नाही. टीव्हीवरच्या मालिकेतली सून हुंदके देऊ लागली की ती म्हणते, “ही रडती का शिंकती?”

नातीचं लग्न ठरलं आणि पंचाईत झाली. पुण्यात कंप्युटरवर नोकरी करणारी ती मुलगी म्हणाली, “याडी, मेकअपला चार तास लागतात. मी नाही रडणार.”

याडी रुसली नाही. मी गणिताचा मास्तर, पण तिच्या लेखी आधी ड्रायव्हर. “मास्तर, गाडी काढा,” म्हणाली.

औरंगपुऱ्यातल्या दुकानात तिनं रडल्यावर न ओघळणारं काजळ मागितलं. गल्ल्यावरचे चाचा म्हणाले, “एकदम पक्का माल है, अम्मा.”

“बघू की पक्कं हाय का.” तिनं तिथंच काजळ घातलं, चाचांचा हात धरला आणि त्यांना उद्देशून ढावलो सुरू केला. चाचांना त्यातला शब्द कळत नव्हता. तरी दोन मिनिटांत त्यांना हैदराबादला दिलेली लेक आठवली. “अम्मा, बस करो, मेरे कू बी रोना आ रा,” म्हणत त्यांनी रुमाल काढला. काजळ ओघळलं होतं. “दुसरं दाखवा,” याडी म्हणाली. तिसरं टिकलं. तोवर टिकल्या घ्यायला आलेल्या दोन बायकाही डोळे पुसत होत्या.

काजळ टिकतं म्हटल्यावर नातीची सबब उरली नाही. पुढं दोन महिने दर रविवारी ती पुण्याहून येई आणि वर तालीम चाले. वरून आक्रोश ऐकून आमच्याकडचे पाहुणे दचकत. आम्ही म्हणायचो, “काही नाही, लग्न आहे.”

लग्नाच्या दिवशी नात आई-बापाच्या गळ्यात पडली, दोन ओळी म्हणाली आणि मध्येच तिला हसू फुटलं. याडीनं कपाळाला हात लावला. मी आइस्क्रीमची वाटी घेऊन कोपऱ्यात उभा होतो. ती पोरगी गर्दीतून सरळ माझ्याकडे आली, गळ्यात पडली आणि तिचा सूर लागला. मला निम्मंच कळलं. काका, तुमच्या दारात बसून भागाकार शिकले. आता चुकले तर कोण रागावणार?

मी वाटी सावरत राहिलो. मागून याडी ओरडली, “मास्तर, उत्तर द्या! सूर धरा!”

मला आयुष्यात एकच चाल येते, आरतीची. त्याच चालीत, “तू कधी चुकलीच नाहीस गं बाई,” असं काहीतरी मी म्हणालो. मागच्या दोघातिघांनी सवयीनं टाळ्या धरल्या. पुढं मला काही दिसेना, आणि वाटी कुठं पडली तेही कळलं नाही.

दुसऱ्या दिवशी दुपारी याडी चहाला खाली आली. “लई बेसूर रडलात, मास्तर.”

“व्हय,” मी म्हटलं.

तिनं बशीत फुंकर घातली. “माझी आई माझ्या लग्नाआधीच गेली. बाप चारचौघांत रडायला लाजला. आमच्यात नवरीला सजवलेल्या बैलावर उभं करत्यात. मी खाली उतरले आन् त्या बैलाच्याच गळ्यात पडले. आईसाठी शिकलेला सगळा ढावलो त्याला म्हटला. एक ओळ चुकले नाय. पण बैल काय उत्तर देणार?” मग माझ्याकडे न बघता म्हणाली, “तुम्ही दिलंत. पोरीला लई बरं वाटलं आसंल.”

चहा संपला तरी ती उठली नाही. वर आता रविवारीही कोणी येणार नव्हतं. माझ्या बायकोनं काही न विचारता मेथीची जुडी तिच्यापुढं ठेवली, आणि दिवेलागणीपर्यंत ती एकेक पान निवडत बसली.