भिंतीतून येऊ नका

“दादा, भिंतीतून काय येताय? दारातून या!”

आमच्या आर्किटेक्ट बाई हे ओरडल्या तेव्हा तिथे भिंत नव्हती आणि दारही नव्हतं. मोकळी जागा, तिच्यावर चुन्याच्या फक्कीने मारलेल्या रेघा, मागच्या कोपऱ्यात बांबूंना कापड बांधून केलेलं स्वयंपाकघर, आणि मध्ये चहाची किटली घेऊन उभा मी. खाली बघितलं तर खरंच, माझा एक पाय हॉलमध्ये आणि एक देवघरात. मुकाट मागे फिरलो, रेघेच्या कडेने गेलो आणि जिथे रेघ तुटली होती तिथून आत शिरलो. कापडाच्या आडून माझ्या बायकोच्या हसण्याचा आवाज आला.

त्या संध्याकाळी आम्ही तिघांनी त्या नसलेल्या घरात चहा घेतला. आम्ही नवराबायकोने मिळून केलेली ती शेवटची साधी गोष्ट. तेव्हा माहीत असतं तर बशीत ओतून एवढ्या घाईने मी तो चहा संपवला नसता.

लोक अजून मला येऊन विचारतात, दादा, आर्किटेक्ट कसा निवडायचा? आमच्या गावात आता जो तो बंगला बांधतो. भाताची जमीन गोडाऊनला गेली, मग माणसाला घरासमोर खांब हवे वाटायला लागतात. त्यांना वाटतं मला यातलं कळतं. मी चौथीपर्यंत शिकलेला माणूस. मी आर्किटेक्ट निवडलाच नाही. मी निवडला असता तर काय झालं असतं ते पुढे सांगतो, म्हणजे तुम्हाला माझी लायकी कळेल.

मग ते बाईंचा नंबर मागतात. बाई आता भिवंडीत नाहीत. डोळ्यांनी त्रास द्यायला सुरुवात केली तसं त्यांनी काम सोडलं आणि बहिणीकडे राहायला गेल्या. धामणकर नाक्याजवळ त्यांचं ऑफिस होतं तिथे आता मोबाईलची कव्हरं मिळतात. नंबर देऊन उपयोग नाही, म्हणून माणूस कसं होतं ते लिहून ठेवतो.

तर माझी निवड. पोराने ठाण्याकडचा एक आर्किटेक्ट आणला. गोरा, घोटून दाढी केलेला, लॅपटॉपवाला. त्याने आमचं घर लॅपटॉपवर दाखवलं. घरासमोर निळं पाणी. आमच्या घरासमोर गोडाऊन आणि त्याच्यापुढे ट्रकची रांग. चित्रात ताडाची झाडं होती आणि एक गोरी बाई कुत्र्याला दोरी बांधून फिरवत होती. आमच्या गावात कुत्रा माणसाला पळवतो. मी विचारलं, “ही कोण?” तो म्हणाला, “काका, ते स्केलसाठी असतं.” स्केल काय ते मला कळलं नाही, पण चित्र मला पसंत पडलं. मी म्हटलं, “फायनल.”

आमच्या कारभारणीने चष्मा लावून चित्र नीट बघितलं आणि विचारलं, “यात चूल कुठं हाय?”

“किचन मागे येईल मावशी. ते नंतर बघू.”

ती उठली आणि बोंबील साफ करायला निघून गेली. तिचं फायनल झालं नव्हतं.

तिचे गुडघे दुखायचे. दर पायरीला हात गुडघ्यावर ठेवून स्वतःला वर ढकलायची. एक दिवस तिला धामणकर नाक्यावर एका डॉक्टरकडे घेऊन गेलो. दवाखाना पहिल्या मजल्यावर. मी मागून पिशवी घेऊन शिव्या देत चढत होतो, की गुडघ्याचा डॉक्टर वरच्या मजल्यावर बसतोच कशाला. वर पोचल्यावर बघतो तर ही मधे कुठेच थांबली नाही. स्वतःलाच नवल वाटून तिने मागे वळून जिना बघितला. मग पुन्हा खाली उतरली आणि पुन्हा वर आली. मला वाटलं, डोक्यावर परिणाम झाला.

डॉक्टरने विचारलं, “बोला, काय होतंय?”

ही म्हणाली, “ते ऱ्हाऊं द्या. हा जिना कोणी बांधला?”

डॉक्टर हसला आणि त्याने मागच्या गल्लीतल्या बाईंचं नाव सांगितलं. अशी आमची आर्किटेक्ट निवडली गेली, गुडघ्याने. गुडघ्याचं औषध राहिलं ते राहिलंच.

बाई बुटक्या, पिकलेली वेणी, सुती साडी, पायात पुरुषांच्या सँडल, आणि इतर बायकांच्या कमरेला किल्ल्या असतात तिथे मोजायची टेप. वडील शाळेत मास्तर होते. तो आवाज लेकीत उतरला होता. त्यांनी हिचं सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाल्या, “पायरी बसकी ठेवली की गुडघा कुरकुरत नाही, वहिनी. जागा जास्त जाते, म्हणून लोक ठेवत नाहीत.”

मी म्हटलं, “ठरलं मग. कधीपासून सुरू करताय?”

“ठरलं कुठे? आधी मी तुमच्याकडे येऊन बसते. मग घ्यायचं की नाही ते सांगते.”

माझं डोकं फिरलं. घर आमचं आणि पास-नापास करणार या. चौथीनंतर माझी परीक्षा कोणी घेतली नव्हती, आणि चौथीतही ती दोनदा घ्यावी लागली होती.

बाई स्कूटरवरून आल्या आणि अख्खा दिवस आमच्या जुन्या घरात बसल्या. टेप काढलीच नाही. हिच्याशेजारी चुलीपाशी बसल्या, जेवल्या, भांडी कुठे घासता ते बघितलं. मला विचारलं, “सकाळी उठल्यावर तुम्ही पहिल्यांदा कुठे जाता?”

मी म्हटलं, “बाई, हे काय विचारणं झालं?”

“त्यानंतर कुठे जाता?”

मी पण मग माझी मागणी सांगायला घेतली. समोर चार खांब, माझ्या चुलतभावाच्या खांबांपेक्षा जाडे. वर घुमट. हॉल एवढा की घरात हळद असली तर बँजोचा ताफा आतच वाजला पाहिजे. फाटकावर दोन सिंह. बाईंनी एकालाही नाही म्हटलं नाही. फक्त विचारलं, “सिंह कुठे बघणारे हवेत? बाहेर बघणारे असले तर पाहुणा बिचकेल. आत बघणारे असले तर तुम्ही.”

मी विचारात पडलो. खरं सांगतो, मी संध्याकाळपर्यंत विचारात होतो.

निघताना त्यांनी विचारलं, “हे घर कोणाला दाखवायचंय?”

“गावाला,” मी म्हटलं. याला विचार लागला नाही.

“आणि वहिनी, तुम्हाला?”

हिने पदराला हात पुसले. मग म्हणाली, “मना दाखवायचा न्हाय कोनाला. मना चुलीपाशी बसून रस्ता दिसला पायजे. कोन येतंय, कोन जातंय. जनम गेला भिंतीकडं तोंड करून.”

बाईंनी स्कूटरला किक मारली. “काम घेते,” म्हणाल्या. “वहिनींसाठी. दादा बरोबर येताहेत, तर त्यांना चालवून घेऊ.”

पण मी काय सहज चालणारा? स्वयंपाकघर पुढे आणि हॉल मागे, हे मी ऐकूनच घेईना. पाहुणा दारात आला आणि पहिल्यांदा त्याला कांदा चिरणारी बाई दिसली, तर तो म्हणेल हे घर की खानावळ? बाईंनी वाद घातला नाही. “बरं. तुमच्या मनासारखं मारू. राहून बघा.”

ही त्यांची पद्धत. कागद नंतर. आधी अख्खं घर जागेवर चुन्याने मारायचं, खऱ्या मापाचं, आणि मालकाने त्यात रोज जाऊन राहायचं. दिवाळी होऊन गेली होती, पावसाची भीती नव्हती. एका पॉवरलूमवाल्याकडून त्यांनी डागी कापडाचा तागा आणला, दुकानात चालत नाही तसलं, आणि ते कापड माझ्या आग्रहाप्रमाणे मागच्या कोपऱ्यात स्वयंपाकघराच्या चारही बाजूंनी बांबूला बांधलं. म्हणाल्या, रेघेपलीकडचं दिसतं, कापडापलीकडचं दिसत नाही, म्हणजे खरं काय ते कळेल. येणारे-जाणारे विचारायला लागले, “दादा, लगीन कोनाचं?”

मी रोज प्लास्टिकची खुर्ची घेऊन माझ्या हॉलमध्ये बसायचो. टीव्ही कुठे लागणार ते ठरलं होतं, म्हणून त्या बाजूला तोंड करून. तिथे तेव्हा एक बाभूळ होती. तासभर बाभूळ बघायचो. बरं वाटायचं. आणि उठलो की भिंतीतून जायचो. सवय. बाई असल्या की ओरडायच्या, नसल्या की राजमिस्त्री ओरडायचा, “चाचा, दीवार में से मत जाओ, मॅडम डाँटेगी!” मी सत्तरीचा माणूस, स्वतःच्या जमिनीवर चोरासारखा इकडेतिकडे बघून भिंत ओलांडायचो.

ही मात्र एकदाही भिंतीतून गेली नाही. पाट घेऊन दारातून आत, वळून स्वयंपाकघरात, पाटावर बसून भाजी निवडायची. तिला ते घर दिसत होतं. मला फक्त बाभूळ दिसत होती.

आता त्या संध्याकाळचं उरलेलं सांगतो. रस्त्यापलीकडच्या टपरीवरून मी किटली भरून आणली, भिंतीत अडकलो, ओरडा खाल्ला, ते सांगितलंच. मी कापड बाजूला करून आत गेलो तर ही डोळे पुसत हसत होती.

“हसले मी,” ती म्हणाली, “पन दिसला काय न्हाय. बाई वरडल्या तवा कललं. मना तुमची फजिती बघायची व्हती.”

बाई म्हणाल्या, “स्वयंपाकघर पुढे घेतलं तर रोज बघायला मिळेल, वहिनी. टपरीपासून दिसतील.”

“आणि माझा हॉल?” मी विचारलं.

“मागे.”

“मागे काय बघू? गोडाऊनचा पत्रा?”

“टीव्ही बघा. नाहीतर बाभूळ आहेच.”

हिला पुन्हा हसू आलं. मी बशी खाली ठेवली. म्हटलं, “उद्या बघू.”

“उद्या सकाळीच हलवते,” बाई म्हणाल्या. “मग दोघं येऊन बघा.”

ही उठता उठता म्हणाली, “हां, हलवा. ते हलतील ना हलतील, चूल हलवा.” पाट तिने तिथेच ठेवला. सकाळी यायचंच होतं.

पहाटे तिच्या छातीत कळ आली. पडघ्याच्या दवाखान्यात नेली. दारात पोचलो तेव्हा ती गेलेली होती. यापेक्षा जास्त मला लिहिता येत नाही. दुपारी सगळं आटोपलं. बाई आल्या होत्या, बायकांच्या मागे उभ्या होत्या. कधी गेल्या ते कळलं नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी घर माणसांनी भरलेलं. प्रत्येक जण मला म्हणे, दादा, बसा. कुठे बसू? ती बसायची त्या भिंतीसमोर कोणीतरी चपलांचा ढीग केला होता. मी मागच्या दाराने निघालो, गोठ्यातलं फावडं उचललं आणि शेतातून सरळ जागेवर गेलो. सगळ्या रेघा खरवडून टाकायच्या, हे डोक्यात. कोणाला पाहिजे घर? बाभळीला?

मी मागच्या बाजूने घुसलो. न्हाणीघराच्या भिंतीतून, देवघराच्या भिंतीतून, हॉलच्या भिंतीतून, फावडं ओढत. मग थांबलो. मागच्या कोपऱ्यात कापड नव्हतं.

सगळं पुढे रस्त्याकडे गेलं होतं. जुन्या रेघा पायाने पुसलेल्या, नव्या मारलेल्या. बांबू पुढे रोवलेले, त्यांना तेच डागी कापड, आणि रस्त्याच्या बाजूला कापडात चौकोन कापून खिडकी केलेली. माझ्याकडची बाजू उघडी होती. खिडकीपाशी हिचा पाट मांडलेला, रिकामा. बाजूला घमेलं पालथं घालून बाई बसल्या होत्या. हात कोपरापर्यंत पांढरे. मिस्त्रीला बोलावलं नव्हतं, एकट्यांनीच केलेलं दिसत होतं.

मी हातात फावडं घेऊन भिंतीवर उभा होतो. चुन्याने पाय घोट्यापर्यंत भरलेले. मी वाट बघितली. आता ओरडतील, आता ओरडतील. बाईंनी माझ्या पायांकडे बघितलं, फावड्याकडे बघितलं, आणि त्या ओरडल्या नाहीत. ओरडल्या असत्या तर मी फावडं चालवलं असतं, एवढं मला माझं माहीत आहे.

मी फावडं खाली ठेवलं. रेघेच्या कडेने गेलो, जिथे रेघ तुटली होती तिथून बाहेर पडलो, आणि रस्ता ओलांडून टपरीपर्यंत गेलो. टपरीवाल्याने आज किटली पुढे केली नाही. मी वळलो. मोकळ्या हातांचं काय करावं कळेना, तर ते मागे बांधले. रस्ता ओलांडला, दारातून आत आलो.

“दिसलात,” कापडाच्या आडून बाई म्हणाल्या. “पार टपरीपासून दिसलात.”