दसऱ्याच्या पूजेचं पाणी

रनाळ्यात बारशापासून दशक्रियेपर्यंत कुठलाही बॅनर लागो, तो नवनीतच्याच दुकानातून निघायचा. यंदा दसऱ्याला कॉम्प्युटरची पूजा झाली आणि मदरबोर्ड जळाला. तेव्हापासून नवनीत आपल्या आईवर, बेबीबाईवर डाफरत होता. पूजेचं पाणी मशीनवर शिंपडायची हौस हिचीच!

आज नवा बोर्ड आला. पण गावभरचे फोटो जुन्या हार्ड डिस्कमध्ये. ती त्यानं स्वतःच परत बसवली, तर पडद्यावर ओळ आली : डिस्क सापडत नाही. बाहेर वाढदिवसवाले ताटकळलेले. नवनीतनं कपाळावर हात मारला, बोर्ड विकणाऱ्याच्या सात पिढ्यांचा उद्धार केला आणि कॅबिनेट पुन्हा उघडलं. डिस्कची एक वायर तशीच लोंबकळत होती. त्याचीच राहिली होती लावायची.

वायर लावली, फोटो उघडले. तेवढ्यात बेबीबाई पूजेचं ताट घेऊन दारात उभी.

"माय, दूर ऱ्हाय! पानी टाकशी ते परत जळी जाई!" तो खेकसला.

बेबीबाईनं ताट शांतपणे टेबलावर ठेवलं.

"दसराले पानी तूच टाकं व्हतं, भाऊ. मी ते नुसतं फूल ठेवं."