रेघ काढली कावून?

आमच्या वडलांचा माणसांवर पूर्ण विश्वास होता, दुधावर मात्र अजिबात नव्हता. दिंद्रुडजवळच्या आमच्या गावात सहकारी दूध संस्था होती आणि वडील तिथं दूध तपासायला होते. सकाळी लोक कॅन घेऊन रांगेत उभे राहायचे. प्रत्येकाला वाटायचं, सॅम्पल वरून घ्यावं, कारण ज्यावर भाव ठरतो तो स्निग्धांश सगळा वर तरंगतो. वडील मात्र लांब दांडा घालून अख्खा कॅन वर-खाली ढवळायचे आणि मगच मधून पळी भरायचे. ‘ढवळल्याबिगर सॅम्पल न्हाई,’ हे त्यांनी माझ्या सख्ख्या मामालाही ऐकवलं होतं. मामा त्या दिवशी आमच्याकडे जेवायला थांबले नाहीत.

मग दुष्काळ पडला. गुरं छावणीत गेली, रांग आखडत आखडत तीन माणसांवर आली आणि शेवटी संस्थेच्या दाराला कुलूप लागलं. दूध संघानं वडलांना अंबाजोगाईच्या शीतकरण केंद्रावर बोलावून घेतलं. गाव सोडायचं म्हणून शेजारच्या बायका रडत होत्या. आई मात्र पत्र्याची पेटी आवरताना गुणगुणत होती. अंबाजोगाईत कॉलेजं होती. स्वतः चौथी शिकलेल्या माझ्या आईनं हापशावरच्या समस्त बायकांना सांगून टाकलं होतं की पोरगी सायन्स घेऊन कॉलेजात जाणार. मी तेव्हा नुकतीच आठवी पास झाले होते आणि मला सायन्स म्हणजे काय हेही नीट माहीत नव्हतं.

मला माहीत होता माइक. एप्रिलातल्या जयंतीला आमच्या वस्तीत भाषण करायचं ते मीच. पाच पानं पाठ, हातवारे वेगळे बसवलेले, शेवटी आवाज चढवून एकदम थांबायचं, की टाळ्या ठरलेल्या. हीच कला मी भूमितीला लावली होती. पक्ष, साध्य, रचना, सिद्धता. काय सुरेख चार अंकी नाटक! मी प्रमेय म्हणायला लागले की आमच्या गावातले गुरुजी डोळे मिटून ऐकायचे. मी गणितात वर्गात पहिली होते. आतलं कुणी ढवळून बघितलं नव्हतं.

जूनमध्ये शाळा उघडल्या तशी वडील मला शाळा बघायला अंबाजोगाईला घेऊन गेले. पहिल्या शाळेला दोन मजले, लोखंडी फाटक, गुणवंतांच्या नावांचे रंगवलेले फळे आणि सभागृहात खराखुरा रंगमंच, त्याला तांबडा मखमली पडदा. मी मनातल्या मनात प्रवेश घेऊन मोकळी झाले. हेडमास्तरांनी काहीतरी म्हणून दाखव म्हटल्यावर मी त्रिकोणाच्या तिन्ही कोनांच्या बेरजेचं प्रमेय सादर केलं. सादर हाच शब्द बरोबर आहे. ‘हेच सिद्ध करायचे होते’ म्हणताना दोन्ही हात वर नेले. कारकुनानं टाळ्या वाजवल्या. हेडमास्तरांनी अर्ज काढला.

वडलांनी विचारलं, एखाद्या मधल्या बाकावरच्या लेकराशी बोलता येईल का? हेडमास्तरांनी मॉनिटरला बोलावलं. वडील म्हणाले, हा नको, मधल्या बाकावरचं. हेडमास्तरांच्या कपाळावर आठी पडली. हुशार पोरं सोडून मधली कशाला बघायची, हे त्यांना काही केल्या कळेना. वडलांनी अर्ज घडी घालून खिशात ठेवला आणि आम्ही बाहेर पडलो. मी पडद्याकडे तीनदा वळून बघितलं.

दुसरी शाळा पत्र्याची. फाटक नव्हतंच, बाभळीची एक काटेरी फांदी आडवी लावली होती. आवारात टँकर नुकताच आला होता आणि पोरं, शिपाई, मास्तर सगळे बादल्या घेऊन एकाच रांगेत. वडलांनी कुणाला न विचारता रांगेच्या मधोमध उभ्या असलेल्या एका मुलीला गाठलं. गणित कोण शिकवतं, कसं शिकवतं?

ती म्हणाली, “बाई मारत न्हाईत. पण सोडत बी न्हाईत.”

वडलांच्या मिशा हलल्या. मला काळजी वाटायला लागली.

त्या बाईही रांगेतच होत्या, पदर खोचलेला, हातात बादली. नववीला प्रवेश हवाय, पुढं सायन्सला घालायचंय, असं वडलांनी सांगितलं. बाईंनी काडी उचलली, धुळीत त्रिकोण काढला, टोकावरून पायाला समांतर रेघ ओढली आणि मला विचारलं, हे ओळखतेस? ओळखते म्हणजे काय, माझंच नाटक! मी घसा साफ करून ‘पक्ष’पासून सुरुवात केली.

बाईंनी हात आडवा केला. “पहिल्यापासून नको. मधून सांग. ही रेघ काढली कावून?”

मधून? नाटक मधून कसं सुरू करायचं? मी मनात पहिल्या वाक्यापासून धावत आले, रेघेपर्यंत पोचले आणि तिथं काहीच नव्हतं.

“पुस्तकात काढलीय म्हणून,” मी म्हणाले.

रांगेत कुणीतरी हसलं. रांग पुढं सरकली, बाईंनी बादली पुढं सरकवली. नववीत दोन तुकड्या आहेत, असं बाई वडलांना सांगू लागल्या. एकीत सोपं गणित असतं, ते घेतलं की सायन्सचा दरवाजा बंद. दुसरीत पूर्ण गणित. सोमवारी येऊन हिनं रेघेचं कारण सांगितलं तर पूर्ण गणिताच्या तुकडीत बसेल, नाहीतर सोप्या.

गावाकडं जाणाऱ्या एसटीत मी वडलांना सांगितलं की मला पडद्याचीच शाळा पाहिजे. तिथं कसलीही अट नव्हती आणि टाळ्याही होत्या. वडलांनी आधी दोघांची तिकिटं काढली. मग म्हणाले, “त्यांनी वरचं घेतलं, पोरी. ह्या बाईंनी दांडा घातला.”

एवढंच. मामांना जसं वाटलं असेल, तसंच मला वाटलं.

दोन दिवस मी कुणाशी बोलले नाही. रविवारी दुपारी सामान बांधून झालं होतं. एक ताट तेवढं बाहेर होतं. आईनं त्यात भाकरी वाढली आणि विचारलं, ती रेघ काय म्हणती? मी चिडून म्हणाले, तुला काय कळणार! आई म्हणाली, मला कळंल असंच सांग की.

मग मी भाकरीचा तुकडा मोडून त्याचा त्रिकोण केला. हे तीन कोपरे, म्हटलं. हे तिन्ही मिळून अर्धा फेरा होतात.

“कसं काय? एक हितं, दोन तिथं. भेटायचे कधी ते?”

मी कोपरे तोडले आणि आईला दाखवायला ताटाच्या कडेला एकमेकांना चिकटवून ठेवले. टोकाला टोक. खालची बाजू सरळ झाली. अगदी रेघेसारखी सरळ. मी तशीच बघत बसले. ती रेघ म्हणजे बसायची जागा होती! खालचे दोन कोन वर समांतर रेघेपाशी चढतात आणि वरच्याच्या दोन अंगांना मांडीला मांडी लावून बसतात, त्यासाठीच तर ती काढायची. व्युत्क्रम कोन, व्युत्क्रम कोन म्हणून मी वर्षभर ज्यांच्या नावानं गळा काढला होता, ते हेच. मी उठून इतकी नाचले की बांधलेल्या गाठोड्यावर पडले.

सोमवारी वडील मला घेऊन गेले तेव्हा बाई वर्गाच्या दारात उभ्या होत्या. मी ना पक्ष म्हटला, ना साध्य. एका दमात भाकरी, कोपरे, ताटाची कड, सगळं सांगितलं. हात मात्र हलत होते, त्याला माझा इलाज नव्हता.

बाईंनी शांतपणे ऐकलं. मग म्हणाल्या, “आणि ते कोपरे कुठं हायेत?”

“खाल्ले.”

बाईंनी तोंडावर पदर धरला. मग त्यांनी पूर्ण गणिताच्या त्या वर्गातल्या मधल्या बाकाकडं बोट केलं आणि तिथल्या मुलीला थोडं सरकायला सांगितलं. ती रांगेतलीच मुलगी होती. मी बसल्यावर तिनं हळूच विचारलं, बाईंनी सोडलं का तुला?

न्हाई, मी म्हणाले, आणि मागं वळून दाराकडं बघितलं. वडील अजून तिथंच उभे होते. पहिल्या शाळेचा घडी घातलेला अर्ज त्यांनी खिशातून काढला होता आणि त्यानं ते स्वतःला वारा घालत होते.