बोटीवरचा अबोला

मी लासुर्ण्याचा, तात्या बावड्याचा; दोन्ही गावं इंदापूर तालुक्यातली. दोघंही नौदलातून निवृत्त, म्हणून महासागरातल्या शर्यतीसाठी आमची जोडी लागली. शिडाच्या बोटीवर दोघंच. एकदा बंदर सोडलं की पलीकडच्या किनाऱ्यापर्यंत थांबायचं नाही. गावाकडं आमचं फार कौतुक झालं. इकडं दुसऱ्या आठवड्यातच आम्हाला एकमेकांचं तोंड बघवेना.

एक सुकाणूवर, तेव्हा दुसरा झोपलेला, अशा पाळ्या होत्या. अंथरूण एकच. तात्या उठला की त्याच्या घामानं ओल्या झालेल्या गादीवर मी पडायचो. माझी झोप पुरी व्हायच्या आत तो पायानं ढोसून उठवायचा, आणि वर गेलो की सगळं माझंच चुकलेलं असायचं.

"दोर असा गुंडाळत्यात व्हय? नौदलात काय शिकलास?"

खाऱ्या पाण्याचं गोडं करणारं यंत्र कितीतरी वेळ घरघरायचं तेव्हा तांब्याभर पाणी मिळायचं. त्या पाण्यानं तात्या रोज दाढी करायचा. एकदा मला राहवलं नाही.

"तात्या, हितं दाढी कुणाला दाखवायचीय?"

"मला," तो म्हणाला आणि आरशात बघत राहिला.

त्या दिवसापासून मी त्याचा चहा करणं सोडलं. त्यानं माझ्यासाठी सुक्या जेवणाच्या पाकिटात गरम पाणी ओतणं सोडलं. आम्ही पाठीला पाठ लावून जेवायचो. बोलणं उरलं ते वाऱ्यापुरतं.

एका सकाळी वारा एकदम चढला. पुढचं मोठं शीड उतरवायला तात्या टोकाकडं गेला. अशा वेळी कमरेच्या पट्ट्याचा हूक बोटीला अडकवायचा असतो. त्याचा हूक नुसताच लोंबत होता.

"तात्या, हूक लावा."

"तू तुझं सुकाणू बघ."

पुढच्याच लाटेनं त्याला उचललं. पाणी ओसरलं तेव्हा तो कठड्याच्या बाहेर होता, एका हातानं कठड्याचीच तार धरून. अर्धवट उतरलेलं शीड पाण्यात पडलं होतं आणि बोटीला त्याच्याच अंगावर कलंडवत होतं. मी सरपटत पुढं गेलो आणि सुरीनं दोर कापले. शीड वाहून गेलं, बोट सावरली. मग त्याचा पट्टा धरून त्याला आत ओढला. खारं पाणी ओकून झाल्यावर तो पहिलं वाक्य बोलला ते हे :

"शीड का कापलंस?"

"तुमी पाण्यात व्हता."

"धरून व्हतो की मी. शर्यत घालवलीस."

याला परत ढकलून द्यावं, असं मला वाटलं. तसं वाटल्याची लाजही वाटली नाही.

त्या शिडाशिवाय आम्ही रखडत, जवळजवळ सगळ्यांच्या मागून पोचलो. इंदापुरात सत्कार झाला, फेटे बांधले. माइकवर तात्या म्हणाला, "वाऱ्यानं शीड फाटलं, न्हायतर आमी पुढं असतो."

खाली उतरताना मी विचारलं, "फाटलं?"

"मग काय, पडलो म्हणून सांगू?"

त्याची गाडी बावड्याकडं गेली. मी लासुर्ण्याला उतरायला बारामतीची एसटी पकडली. पुढं वर्षभरानं त्याचा फोन आला, नव्या शर्यतीला येतोस का म्हणून.

"न्हाय," मी म्हणालो आणि फोन ठेवला.