ठोसर सरांनी न गाळलेली सुमन

ठोसर सरांना मी पहिल्यांदा पाहिलं ते आमच्या गडब गावच्या दुकानासमोर. भर दुपारी एसटीतून उतरून रुमालाने मान पुसत उभे होते. मला वाटलं, विम्याचा माणूस. मी आत वळणार, तेवढ्यात त्यांनी विचारलं, "सुमन गणपत म्हात्रे कोण?"

"मी," मी म्हटलं.

"मी," समोरच्या ओट्यावरून आवाज आला.

"तू गप गो. मला विचारतायत."

"तुझंच नाव सोन्याचं हाय काय? माझं पण तेच हाय."

आमच्या दोघींचे नवरे गणपत, आडनाव एक, आळी एक. तिच्या कोंबड्या माझ्या वाफ्यात शिरतात, त्यावरून आमचं बोलणं कित्येक वर्षं बंद होतं. सरांना मात्र आमचं भांडण ऐकून आनंद झाला. "दोघी आहात! मला वाटलंच होतं," म्हणाले.

त्यांना असं का वाटलं होतं, ते सांगते. सर राहतात रोह्याला आणि पेणच्या डोळ्यांच्या दवाखान्यात संगणकाचं काम पाहतात. गावोगाव शिबिरं होतात, तिथे मुली मोबाइलवर आमची नावं आणि डोळ्यांचे नंबर भरतात. ती फाइल दवाखान्याच्या संगणकाला जशीच्या तशी चालत नाही, कारण त्याची मांडणी वेगळी. मोबाइलमध्ये आधी उजवा डोळा, संगणकात आधी डावा. तारखेचंही तसंच. सर ती फाइल एका मांडणीतून दुसऱ्या मांडणीत नेतात. नक्की करता काय, असं मी विचारलं तेव्हा म्हणाले, "आजी, एका भांड्यातलं दुसऱ्या भांड्यात ओततो."

"ओतताना सांडतं."

"तेवढंच बघायला मला ठेवलंय."

या खेपेला आमच्यातली एक सांडली होती. शिबिरातल्या मुलीने जन्मतारीख विचारली. आमच्या तारखा कोणी लिहून ठेवल्यात? तिने सगळ्या म्हाताऱ्यांना एक जानेवारी देऊन टाकली. गावातल्या सगळ्या बायका एकाच दिवशी जन्मल्या, सुइणीचे काय हाल झाले असतील! ज्यांच्याकडे फोन नाही त्यांना दुकानदाराचा नंबर. नाव, गाव, तारीख, फोन, सगळं एक. संगणकाने ठरवलं की ही एकच बाई चुकून दोनदा लिहिली गेली, आणि एक ओळ काढून टाकली. म्हणजे आमच्यातली एक घरी बसणार, आणि जी मोतीबिंदूच्या ऑपरेशनला जाईल तिच्या डोळ्यात कदाचित दुसरीच्या नंबरचं भिंग बसणार. मला तर उजव्या डोळ्याने तांदळातला खडा दिसेनासा झाला होता, मागाहून तांदूळही दिसेना.

दवाखान्यात सगळे म्हणाले, सर, सोडा, उद्या सकाळी पेशंटची गाडी सुटायची आहे. सर म्हणाले, एकाच बाईच्या एकाच डोळ्याला दोन नंबर कसे? त्यांनी दुकानदाराला फोन लावला. तो म्हणाला, "सुमन म्हात्रे ना? हाय की." एक की दोन, ते सांगायचं त्याला सुचलं नाही. मग सर लवकर निघून घरी जाताना मधेच गडबला उतरले.

"शिबिरात आधी कोणाचा डोळा तपासला?" त्यांनी विचारलं.

"माझा."

"खोटं बोलतेय. माझा."

मी म्हटलं, "सर, माझा पहिला लिहा, मी वयाने मोठी."

सर हसले, पण लिहिलं काही नाही. "अंदाजाने मी काही भरत नाही, आजी. उद्या दोघींचा परत तपासून घेऊ." माझ्याकडे त्यांनी वालाचं बिरडं आणि भाकरी खाल्ली. तिला राग येऊ नये म्हणून तिच्याकडे चहा घेतला. रोह्याची पुढची एसटी त्यात गेली.

दुसऱ्या दिवशी दवाखान्यात नाव पुकारलं की आम्ही दोघी उठायचो. सरांनी आम्हाला वेगवेगळा आकडा दिला आणि तो चिकटपट्टीवर लिहून बाहीला लावला. संगणकातही दोघी वेगळ्या केल्या. डोळे परत तपासले, नंबर खरोखरच वेगळे निघाले.

तेव्हापासून शिबिराला माणसं गोळा करायचं काम मी करते, म्हणून सरांची पद्धत जवळून पाहिली. जुनी फाइल ते कधी पुसत नाहीत. नवी झाली की त्यातली काही नावं निवडून त्या माणसांना स्वतः फोन करतात. आमच्या दामूकाकांना विचारलं, "काका, ऑपरेशन कोणत्या डोळ्याचं?"

"ज्याने दिसत नाय त्या."

"उजवा की डावा?"

"तुमच्या बाजूने का माझ्या?"

मी असते तर फोन आपटला असता. सर म्हणाले, "जेवता त्या हाताच्या बाजूचा का?" काका म्हणाले, "व्हय." मग सरांनी लिहिलं.

मी सहजी कोणाला मानत नाही. पुढारी पाहिले, बुवा पाहिले, पाया पडायची वेळ आली की माझी कंबर दुखते. पण पेणपासून रोह्यापर्यंत किती म्हातारी माणसं या एका माणसाच्या हातून ओतली गेली, आणि त्यांनी कधी तोंडही न पाहिलेल्या त्या माणसांतलं एकही सांडू दिलं नाही, हे मनात आलं की मी गप्प होते. मला गप्प करणं सोपं नाही, गावात विचारा.

माझी पट्टी सुटली तेव्हा शेजारच्या खाटेवर सुमन होती. इतक्या वर्षांनी तिचं तोंड स्वच्छ दिसलं. मी म्हटलं, "अगो, किती म्हातारी झालीस!"

"आणि तू काय नवरी हायस?" ती म्हणाली. तिलाही दिसत होतं.

सर, तुम्हाला साठ वर्षं झाली. आता दवाखाना तुम्हाला घरी बसवणार असं कानावर आलंय. बसू नका. गोड कमी खा, गुडघ्यांना तेल लावा, पुष्कळ जगा आणि धडधाकट जगा. आम्हा दोघींचे डावे डोळे अजून व्हायचेत.