विरोधात एक मत

डिमेन्शिया झालेल्या माणसाशी वाद घालू नये, हे समुपदेशक बाईंनी मला पहिल्याच सभेत सांगितलं. मी तिथल्या तिथे त्यांच्याशी वाद घातला. स्वभाव बाबांवरच गेलाय, त्याला मी काय करू?

ही सभा दादरला एका वाचनालयाच्या माडीवर, महिन्यातल्या एका शनिवारी दुपारी भरते. घरात असा माणूस सांभाळणारे दहा-बारा जण जमतात, रडतात, चहा पितात, एकमेकांना युक्त्या सांगतात. बाई म्हणतात, ‘त्यांना आपल्या जगात ओढू नका, आपण त्यांच्या जगात जायचं.’ बोलायला काय जातंय! बाबा तीस वर्षं आमच्या लालबागच्या चाळीतल्या रहिवासी संघाचे चिटणीस होते. चाळ पाडून तिथे बावीस मजली टॉवर झाला, आम्ही दोघं चौदाव्या मजल्यावर राहतो. पण बाबांच्या जगात रोज दुपारी चारला पाणी येतं आणि टाकीचा वॉल्व्ह कुणीतरी सोडावा लागतो. म्हणून मी रोज लिफ्टने खाली जाते, वॉचमनच्या केबिनमागच्या नळाला हात लावते आणि इंटरकॉमवरून वर कळवते, ‘सोडला हो बाबा.’ वॉचमनला वाटतं, डोकं माझंच फिरलंय.

त्या सुमाराला माझं पित्ताशयाचं ऑपरेशन तिसऱ्यांदा पुढे गेलं होतं. म्हणजे मीच ढकललं होतं. डॉक्टर चिडले होते. खडा नळीत अडकला तर जिवावर बेतेल, असं त्यांनी स्पष्ट सांगितलं. धाकटा भाऊ अँटॉप हिलला सरकारी क्वार्टर्समध्ये राहतो. तो आणि भावजय बाबांना पंधरा दिवस न्यायला कधीचे तयार होते. मीच देत नव्हते. भावाला बाबांची दाढी धड करता येत नाही, भात किती मऊ लागतो ते भावजयीला कळत नाही, आणि वॉल्व्ह कोण सोडणार? सभेतल्या सगळ्यांनी मला समजावलं आणि मी एकेकाला गप्प केलं.

पुढच्या सभेच्या दिवशी बाबांजवळ बसणाऱ्या शेजारीणबाई गावाला गेल्या होत्या, म्हणून बाबांना बरोबर न्यावं लागलं. त्यांना कोपऱ्यात बसवून हातात बिस्किटाचा पुडा दिला. सभा नेहमीसारखी सुरू झाली, म्हणजे चौघं एकदम बोलायला लागले. गिरगावचे एक गृहस्थ बायको चष्मा फ्रिजमध्ये ठेवते ते सांगत होते, आणि त्यांच्यावर आवाज चढवून घोडपदेवची एक सून सासूचे प्रताप सांगत होती. तेवढ्यात टेबलावर थाप पडली.

‘एका वेळी एकच बोला! अध्यक्ष कोण आहे या सभेचा?’

बाबा उभे होते. ते सरळ चालत गेले आणि बाईंच्या खुर्चीपाशी थांबले. बाईंना स्वतःचंच वाक्य आठवलं असावं. त्या निमूट उठल्या.

‘मागच्या सभेचं इतिवृत्त वाचा,’ बाबा म्हणाले. इतिवृत्त कुठलं असायला! त्यावरून बाईंना दोन शब्द ऐकावे लागले. मग बाबांनी गिरगावकरांना विचारलं, ‘तुमचा विषय पाण्याचा आहे काय?’ ‘नाही, चष्म्याचा.’ ‘मग थोडक्यात सांगा.’ गंमत म्हणजे त्या दिवशी पहिल्यांदाच प्रत्येकाचं बोलणं पुरं झालं. घोडपदेवची सून तर सासूचं सांगता सांगता हसायला लागली. तीच पुढे माझ्या मुळावर आली.

‘साहेब, अजून एक विषय आहे. या ताईंचं ऑपरेशन आहे नि या घर सोडत नाहीत.’

बाबांनी माझ्याकडे पाहिलं. डोळ्यांत ओळख नव्हती. मला ते अजूनही लागतं, रोज लागतं.

‘घरी कोण असतं तुमच्या?’

‘वडील.’

‘त्यांचं करणारं आणखी कोणी?’

‘भाऊ आहे. पण त्याला नाही जमत.’

‘कधी दिलंत त्याला करायला?’

वाद घालायला सुचलं नाही असं माझं आयुष्यात फार वेळा झालेलं नाही.

‘ठराव घ्या,’ बाबा म्हणाले. ‘बाईंनी ऑपरेशन करून घ्यावं. तोवर वडील मुलाकडे राहतील. बाजूने कोण?’ सगळे हात वर झाले, समुपदेशक बाईंचासुद्धा. ‘विरोधात?’ मी हात वर केला.

‘हात खाली घ्या. ज्याचा विषय असतो त्याला मत नसतं.’

हा नियम त्यांचाच होता. चाळीत आमच्या खोलीचा काही विषय निघाला की ते चिटणीसाच्या जागेवरून उठून बाहेर गॅलरीत जाऊन उभे राहायचे, आणि आत काय ठरतंय याकडे ढुंकूनही बघायचे नाहीत. मी हात खाली घेतला.

परतताना जिन्यात मी त्यांचा दंड धरला होता. रडू आवरत नव्हतं. एका पायरीवर थांबून मी विचारलं, ‘मी सोडून गेले म्हणून वडील रागावले तर?’

बाबा विचारात पडले. मग माझ्या हातावर थोपटत म्हणाले, ‘रागावतील गो. मग विसरतील.’

तिथेच जिन्यात उभी राहून मी भावाला फोन लावला.